बारा फूट खोल

"कोंबडी अंडी उबवती, आणि ही बया पाणी उबवती."

आत्ती चुलीकडं तोंड करून बोलत होती, म्हणजे मला नीट ऐकू जाईल अशा बेतानं. आत्ती म्हणजे माझी सासू. तिची तक्रार कायम चुलीपाशी असायची, कारण चूल उलट बोलत नाही. मी तिच्या पाठीमागं हातभर अंतरावर बसून भाताच्या कोंड्याच्या टोपलीत बाटल्या खोचत होते.

"कोंडा म्हशीचा, का बाटल्यांचा?" चुलीला पुढचा प्रश्न. "आणि तिकडं गुडगुड चाललीया महिनाभर. तांब्याभर वतावं तर खाली जाईना. पर बाटल्यांकडं बघायला माणूस हाय आमच्या घरात, तिकडं बघायला न्हाई."

'तिकडं' म्हणजे परसातला संडास. हा शब्द आत्तीनं जन्मात उच्चारला नव्हता. मामंजींचं नाव तिनं उखाण्यात तरी घेतलं असेल, याचं नाही. पोटुशी बाईला ती 'तिला तसं हाय' म्हणायची, आणि एवढं बोलूनही पदर तोंडाला लावायची.

"बघते आत्ती," मी म्हटलं.

"मी कुठं कुणाला काय म्हनलं?" ती चुलीला म्हणाली.

मी तेव्हा छत्तीस वर्षांची. आमची कातळवाडी डोंगराच्या कुशीत, चौसष्ट घरांची. गावाच्या वर, भैरीच्या डोंगरात, उंबराखाली एक झरा आहे. तिथून आमची उंबरी नदी निघते, गावाला खेटून जाते आणि तीन मैलांवर हरपे गावाला पोचते. हरपे माझं माहेर. सासरचं पाणी माहेरी जातं अशी बाई मी एकटीच असेन.

बाटल्या आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंनी दिल्या होत्या. बाटलीच्या तळाला औषध माखलेलं असतं. रेघेपर्यंत पाणी भरायचं, बूच लावायचं, उबेला ठेवायचं. दीड दिवसात पाणी काळं झालं तर त्यात माणसाची नाहीतर जनावराची घाण आहे, प्यायचं नाही. तसंच राहिलं तर ठीक. शाळा माझी सातवीत सुटली, पण बाटल्यांबरोबर आलेला माहितीचा कागद मी इतक्यांदा वाचला होता, की नर्सबाई सांगताना अडखळल्या तर पुढचं वाक्य मी सांगायचे.

त्या वेळी बाटल्या भरायला लावल्या होत्या सरपंच राणबा देसायांनी. हरप्यात तीन माणसांना कावीळ झाली होती. राणबांच्या मते दोष बमू लांबोराचा. बमू धनगर, त्याचं एकच घर, झऱ्याजवळ, सोळा म्हशी.

"मालन," राणबा म्हणाले होते, "बमूच्या गोठ्याखालचं पाणी भर. एक काळी बाटली माझ्या हातात दे, बास. रविवारी गावसभा हाय. त्याला डोंगराच्या पल्याड धाडतो."

मी एक नाही, पाच भरल्या. पहिली झऱ्याची, दुसरी बमूच्या गोठ्याखालची, तिसरी गावाच्या वरची, चौथी गावातल्या विहिरीची, पाचवी गावाच्या खालची. का, ते मलाही सांगता आलं नसतं. खिचडीचं एकच शीत दाबून बघायची मला सवय नाही, एवढंच.

सहावी बाटली घेऊन मी दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, हरप्याला गेले.

माझ्या भावाची, शिवाची बायको, मंदावहिनी, दारातच भेटली. सातवा महिना लागलेला. कमरेवर घागर होती.

"ठेव खाली ती," मी ओरडले.

"अगं वन्सं, नदी दारात आलीया. चार पावलं तर हायत." तिनं घागर खाली ठेवली, तांब्या बुडवला आणि माझ्यासमोर गटागटा प्याली. "तुमच्या गावचं पाणी. साखर हो नुसती!"

तिला नावं ठेवायला माझी जीभ रेटेना. हरप्यात मे महिन्यात बायका नदीच्या वाळूत ढोपरभर खड्डे काढून बसायच्या. खड्ड्यात पाणी झिरपलं की करवंटीनं घागरीत भरायच्या. एक घागर भरायला तास जायचा. लग्नाआधी मीही बसले आहे. तीच नदी आता मे महिन्यात वाहत होती, आणि हे ज्या माणसानं केलं तो माझ्या गावचा होता.

"रविवारी तात्यांना फेटा बांधायला येतोय आम्ही," शिवा आतून म्हणाला. "कोल्हापूरहून आणलाय. भगवा नको म्हनलं, अबोली घ्या, तात्यांना शोभंल."

"मीबी येणार," वहिनी म्हणाली.

मी तिच्या घागरीतलं पाणी बाटलीत भरून घेतलं. ती हसायला लागली.

"तीर्थ कुणी तपासतं का वन्सं?"

"तोवर उकळून पी, वहिनी. दोनच दिवस. कावीळ साधी असती, पण तुझ्या अशा दिवसांत ती साधी राहत न्हाई. नर्सबाई सांगत होत्या."

"उकळल्यावर त्याची चव जाती," ती म्हणाली, आणि आणखी एक तांब्या प्याली.

तो माणूस म्हणजे दौलूतात्या पाथरवट. जात्या-पाट्यांना टाकी लावायचे, विहिरी खोदायचे, घरं बांधायचे. उंची बेताची, हात मात्र दुसऱ्या कुणाचे तरी बसवल्यासारखे मोठे. एकदा कुणीसं विचारलं, तात्या, या वयात डोंगरावर काय खणत बसता? तर म्हणाले, "चाळीस वर्सं जमिनीतनं पाणी काढलं. त्यातल्या बावीस विहिरी आटल्या. आता काढलेलं परत घालतोय."

पहिलं वर्षभर ते एकटेच जायचे. उताराला आडवे चर खणायचे, ओघळीत दगड रचायचे. लोक म्हणाले, तात्याला लागीर झालंय. दुसऱ्या वर्षी आम्ही सात बायका गेलो, मुख्य कारण हे की तात्या न्याहारीला सगळ्यांना आपल्या हातचा झुणका वाढायचे आणि तो नवऱ्यांना येत नव्हता. मग हळूहळू गाव आलं. चराई बंद करायला गावानं तीन सभा भांडण केलं. बमूनं मात्र एका शब्दावर आपल्या म्हशींसाठी कुंपण घातलं.

पूर्वी नदी दिवाळीलाच आटायची. तिसऱ्या वर्षी संक्रांतीची सुगडी आम्ही नदीवर धुतली. पुढं शिमगा गाठला, मग पाडवा. आणि त्या वर्षी अक्षय तृतीया उलटून गेली तरी उंबरी वाहतच होती. लोक उगाच काठावर जाऊन बसायचे. राणबासुद्धा, धोतर ढोपरापर्यंत ओढून, पाय पाण्यात सोडून.

संडासही तात्यांनीच बांधले. कागदावर नकाशा आला होता, दोन खड्ड्यांचा, चार-चार फुटी. एक भरला की बंद करायचा, दुसरा वापरायचा, वर्षा-दोन वर्षांनी पहिल्यात खत झालेलं असतं ते काढून घ्यायचं. 'काढून घ्यायचं' या दोन शब्दांवर कुणी बोललं नाही. तात्यांनी नकाशाची घडी घातली आणि घरटी एकच खड्डा खणला, बारा फूट खोल.

"नातवालाबी झाकण उघडायला लागणार न्हाई," ते म्हणाले होते. गाव खूश. चौसष्ट खड्डे. तालुक्यात पहिला नंबर आला, वेशीवर 'हागणदारीमुक्त गाव' असा निळा फलक लागला. फलकामागं करवंदीच्या जाळ्या आहेत.

शनिवारी पहाटे मी त्या जाळ्यांकडंच निघाले होते, कारण आमच्या 'तिकडं' आता तांब्याभर पाणीसुद्धा खाली जात नव्हतं. फलकाला वळसा घातला तर समोर राणबांची बायको, शांताक्का.

"करवंदं बघायला आलेवते," तिनं आधीच सांगून टाकलं.

"तांब्या घेऊन?"

"तहान लागती चालून." मग माझ्या हाताकडं बघून, "तू गं?"

"सरपण."

"बरं बरं."

दोघी दोन दिशांना गेलो. पलीकडच्या जाळीत कुणीतरी खोकलं. त्या पलीकडं बांगड्या वाजल्या. बक्षीस मिळालेल्या गावातल्या निम्म्या बायका त्या पहाटे सरपणाला आल्या होत्या, आणि परत जाताना एकीच्याही डोक्यावर काटकी नव्हती. महिनाभर हे चाललं होतं. कुणी कुणाला विचारत नव्हतं, तुझा भरला का म्हणून. ज्या खड्ड्याचं झाकण नातवालाही उघडायचं नव्हतं, तो सहा वर्षांत कसा भरेल? भरला असला तर आपलाच, आपल्याच घरात काहीतरी जास्त झालं असेल, असं प्रत्येकीला वाटत होतं.

दुपारी मी कोंड्यातून बाटल्या काढल्या. पहिली नितळ. दुसरी, बमूच्या गोठ्याखालची, नितळ. तिसरी नितळ. चौथी, गावच्या विहिरीची, काळी. पाचवी एवढी काळी की तव्याखालची काजळी पाण्यात कालवावी.

सहावीत अजून रंग नव्हता. ती एक दिवस उशिरा बसली होती.

मी चौथी आणि पाचवी पदराखाली घेतली आणि तात्यांकडं गेले. ते ओट्यावर बसून अबोली फेट्याबद्दल बायकोशी, म्हणजे आमच्या काकूंशी, वाद घालत होते.

"डोक्यावर टोपी असती माझ्या. फेटा बांधून मी काय नवरदेव हाय?"

"लग्नातबी नव्हता बांधला," काकू म्हणाल्या. "आता तरी बांधा, मला बघू दे."

मी बाटल्या ओट्यावर ठेवल्या. कुठली कुठची ते सांगितलं. बमूच्या गोठ्याखालचं नितळ आहे हेही.

तात्यांनी पाचवी बाटली उचलून उन्हात धरली.

"बमूचं नितळच असणार," ते म्हणाले. "त्यांच्यात झऱ्याला जनावर लावत न्हाईत. म्हशींना पाणी लांब दगडी डोणीत नेऊन घालतो तो. झऱ्यावर जाताना सोता पायताण काढतो." मग म्हणाले, "मालन, तुमच्या परसात काय गुडगुडतंय का गं?"

मी मान खाली घातली. महिनाभरात पहिल्यांदा कुणीतरी विचारलं होतं, तेही पुरुषमाणसानं. मग मी मान डोलावली.

तात्यांनी काकूंकडं बघितलं.

काकू आत गेल्या. म्हणजे त्यांच्याकडंही गुडगुडत होतं.

तात्या उठले. पहार घेतली, परसात गेले आणि स्वतःच्या संडासामागच्या खड्ड्याचं झाकण सिमेंट फोडून सरकवलं. वास आला तो मी लिहीत नाही. गवंड्याचा ओळंबा असतो ना, दोरीला लोंबणारा लोखंडी गोळा, भिंत सरळ आहे का बघायचा, तो त्यांनी फटीतून आत सोडला. दोरी सुटत गेली. गोळा तळाला टेकल्यावर त्यांनी वर ओढला.

दोरी खालून आठ फूट ओली होती.

"हा खणला तवा," ते हळू बोलत होते, "तळाला कोरडा मुरूम होता. ओळंब्याला ओलीचा डाग न्हवता, मी हात लावून बघितलं होतं." त्यांनी ओलं संपलं तिथं दोरीला गाठ मारली. "पाणी आठ फूट वर आलंय, मालन. सबंद गावाखाली. आठ फूट!"

आणि त्यांचा चेहरा असा उजळला, की पहिलं नातवंड हातात आल्यासारखा. अकरा वर्षं तो माणूस डोंगरात जे पेरत होता ते त्याच्या पायाखाली आठ फूट उगवून आलं होतं. मीही हसले. हसू पुरतं ओठांवर यायच्या आत त्यांनी त्या गाठीकडं परत बघितलं, मग खड्ड्याकडं, मग उताराकडं, जिथं घरं संपतात आणि नदी सुरू होते. ओट्यावर बसावं तसे ते खाली मातीत बसले.

"चार फुटी खणायचे होते," ते म्हणाले. "नकाशात होतं. पर मला ठाऊक होतं, उपसायची येळ आली की गाव बोट कुणाकडं दाखवणार. खालच्या आळीकडं. म्हनलं, असा खणू की ती येळच येऊ नये."

त्यांनी दोरी पंजाभोवती गुंडाळली.

"तुझ्या भावजयीला कितवा?"

"सातवा."

"पाणी उकळून पिती का?"

"न्हाई. चव जाती म्हणे."

तात्यांनी डोळे मिटले.

रविवारी सकाळी सहावी बाटली काळी झाली. मी ती कोंड्यातून काढली तेव्हा आत्ती शेजारी भाकरी थापत होती.

"ही कुणाची?" तिनं विचारलं. चुलीला नाही, मला.

"वहिनीच्या घागरीतली."

आत्तीनं भाकरी तव्यावर टाकली. त्या दिवशी ती चुलीशी एक शब्द बोलली नाही. भाकरी करपली तरी नाही.

सभा चार वाजता शाळेच्या व्हरांड्यात होती. हरप्याहून टेंपो भरून माणसं आली. शिवाच्या हातात फेट्याचा खोका. वहिनी ठेवणीतली साडी नेसून आली आणि बायकांच्यात, भिंतीला टेकून, नेमकी आत्तीच्या शेजारी बसली. बमू पायरीखाली उभा होता, खांद्यावर घोंगडं, वर बसायला कुणी म्हटलं नव्हतं.

राणबांना घाई होती. "आधी सत्कार, मग बमूचा विषय, मग चहा."

"आधी बमूचा विषय," तात्या म्हणाले. "डोकं मोकळं असताना बोलू दे मला."

मी टेबलावर सहा बाटल्या ओळीनं मांडल्या. मांडताना एक आडवी पडली. कुणीतरी हसलं. मी एकेक दाखवून सांगितलं, ही झऱ्याची, ही बमूच्या गोठ्याखालची, ही गावाच्या वरची. नितळ. मग ह्या तीन.

राणबांनी टेबलावर वाकून पाहिलं.

"अदलाबदल झाली असंल," ते म्हणाले, रागानं नाही, समजुतीनं. "कोंड्यात ठेवतीस तू. बाईमाणसाच्या हातनं होतं असं. काळी दोन नंबरची असणार."

"मालक," बमू खालून म्हणाला, "माझ्या म्हशी झऱ्याला तोंड लावत न्हाईत. आयची आण."

"तू थांब रे."

तेव्हा तात्या उठले. खिशातून ओळंबा काढला, दोरी सोडली आणि राणबांच्या हाताजवळ गाठ धरली.

"काल माझ्या खड्ड्यात सोडला होता. बारा फुटांतलं आठ फूट पाणी. आपण पाण्याला वर बोलवलं, ते आलं. मी खणलेलं चौसष्ट खड्डे आता त्या पाण्यात उभं हायत. तेच पाणी विहिरीत हाय, तेच नदीला हाय, तेच हरप्यात हाय. बमूचा काय संबंध न्हाई. चूक माझ्या हातची हाय."

हरप्याची माणसं एकमेकांकडं बघू लागली. शिवानं खोक्याचं झाकण उघडलं होतं ते परत लावलं.

"तात्या, तुमच्या एका खड्ड्यावरनं..." राणबा म्हणाले. "तुमचं परस सखल हाय. साऱ्या गावाला बट्टा कशाला? त्यो फलक काय उगाच लावलाय?"

"मग विचारा," तात्या म्हणाले. "विचारतोच मी. आणखी कुणाच्या संडासात पाणी चढलंय? हात वर करा."

व्हरांड्यात शंभरावर माणसं होती. एक हात वर झाला नाही. माझाही नाही. हे आज लिहिताना लाज वाटते, पण खरं ते हेच. माझ्या शेजारी शांताक्का बांगड्या मागं सारत होती. राणबा कौलांकडं बघत होते. ज्या माणसानं आम्हांला नदी दिली तो सगळ्यांसमोर हातात एक घाणेरडी दोरी धरून उभा होता, आणि आम्ही त्याला एकट्याला उभं ठेवलं होतं.

"बघा," राणबा म्हणाले, आणि आवाज खरोखर मऊ होता. "तात्या, तुम्ही दमलाय. अकरा वर्सं राबलाय. बसा. बमूचं काय ते आता मतावर घेऊ."

पुढं काय झालं ते मी इथंच सांगून टाकते, कारण नंतर मला बोलण्यासारखं काही उरत नाही. पुढच्या उन्हाळ्याच्या आत चौसष्ट खोल खड्डे बुजवले गेले आणि घरटी दोन उथळ खड्डे झाले, ओटा वर उचलून. ते बांधताना तात्यांनी मजुरी घेतली नाही आणि कुणाची समजूत ऐकली नाही. हरप्याला झऱ्यापासून पाइप गेला. त्याच्या टाकीची किल्ली आजही बमूकडं आहे. दोन वर्षांनी पहिला भरलेला खड्डा उघडायची वेळ आली तेव्हा तात्या आत उतरले, मूठभर काळी भुसभुशीत माती काढून चहाच्या पुडीसारखी हुंगली आणि वर धरली. दुसरं फावडं राणबांनी घेतलं. खालच्या आळीकडं कुणाचं बोट गेलं नाही. अबोली फेटा तात्यांनी बांधून घेतला तो त्या दिवशी, खड्ड्यातून वर आल्यावर, हात धुऊन. काकूंनी पाहिला. तात्यांना जाऊन आता पाच वर्षं होतील. वहिनीला श्रावणात मुलगी झाली, वजन पाच पौंड आणि आवाज दहा पौंडांचा. ती आता अकरावीला आहे. बाटल्या तीच भरते, आणि कोंड्यात ठेवायला लागत नाही म्हणते, मी ठेवते तरी.

पण त्या दुपारी यातलं काहीच नव्हतं. राणबा म्हणाले, "बमूला हलवायच्या बाजूनं हात वर करा." आणि आता हात वर व्हायला लागले. पुढच्या ओळीतले आधी. मग मागचे, इकडंतिकडं बघत.

उकाडा होता. मंदावहिनीनं कोपऱ्यातल्या माठातलं पाणी तांब्यात घेतलं. गावच्या विहिरीचं, चौथ्या बाटलीतलं. मी टेबलापाशी होते, तिच्यापर्यंत पोचायला मधे पन्नास माणसं होती. तिनं तांब्या तोंडाशी नेला.

आत्तीनं तिचं मनगट धरलं.

तांब्या काढून घेतला, पायरीपर्यंत आली आणि बमूच्या पायाशेजारी अंगणात रिकामा केला. मग ती वळली. डोक्यावरचा पदर पाठीवर गेला होता, तो तिनं सावरला नाही. गावसभेत आत्ती आयुष्यात बोलली नव्हती. सगळे हात वरच्या वर राहिले.

"राणबा," ती म्हणाली, "माझ्या सुनेच्या बाटल्यांत अदलाबदल न्हाई. कोंडा माझा हाय, मी रोज बघती."

"आक्का, तुम्ही बसा..."

"बसतीच की. महिना झाला त्या फलकामागं रोज पहाटं बसती, माझा संडास भरलाय म्हणून. तुझी बायको माझ्या उजव्या हाताला असती. ह्या समद्या असत्यात. आणि त्या खड्ड्यातला आमचा गू ह्या पोरीच्या घागरीत जातोय."